आधी मासा, मग माणूस

खुबेरामने हात वर करून चमनादेवीला थांबवलं आणि तो खडकाआड बसला.

शिलागाड नदीला तिथे डाव्या अंगाने एक लहानसा फाटा फुटतो. त्या फाट्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावलेलं होतं. बारीक विणीचं, दोन्ही कडांना दगड रचून पक्कं केलेलं. घाईघाईत टाकलेलं दिसत नव्हतं.

"राखीव टप्प्यात जाळं," तो म्हणाला. "आपल्या नाकावर टिच्चून."

"कुणाचं आहे ते तर बघू, भाईजी."

चमनादेवीचं वरच्या वळणावर पाहुणघर होतं. नदीत ट्राउट मासे होते म्हणून गळ टाकणारे हौशी लोक येत आणि ते येत म्हणून तिची चूल पेटत होती. त्यामुळे नदी राखणाऱ्या गावच्या क्लबाच्या पहाऱ्याची तिची पाळी कधी चुकत नसे.

जाळं कुणाचं, हे खुबेरामला विचारायची गरज नव्हती. काठावरच्या निळ्या पिंपाच्या कडीला तांबडी लोकर गुंडाळलेली होती. तशी लोकर साऱ्या गावात एकच माणूस गुंडाळायचा.

"लोतम," तो म्हणाला.

लोतमराम पूर्वी चोरून मासे धरून ढाब्यांना पुरवायचा. मग त्याने देवतेच्या पालखीसमोर शपथ घेतली. क्लबातले सगळे नको नको म्हणत असताना खुबेरामने त्याला आत घेतलं, त्याच्यासाठी शब्द टाकला. क्लबाची पाटीसुद्धा लोतमच्याच हातची. पहिली ओळ होती, 'आधी मासा, मग माणूस'. म्हणजे चोर सापडला तर आधी मासे पाण्यात सोडायचे, भांडण नंतर. दुसरी होती, 'प्रधानाच्या शब्दाशिवाय इथला एकही मासा मारायचा नाही'.

दोन्ही नियम क्लबाचा प्रधान म्हणून खुबेरामनेच घातलेले होते.

"काल संध्याकाळी तो माझ्या अंगणात आला होता," खुबेराम म्हणाला. "काहीतरी बोलायचं होतं म्हणे. घरात पाहुणे होते. मी म्हटलं, उद्या ये."

"मग?"

"मग काय. प्रधान घरात आहे की नदीवर, ते बघून गेला."

दोघं उतरून काठाशी आले. पिंपाजवळ फावडं पडलं होतं. चार पावलं वर, उंचवट्यावर, ताजा खड्डा खणलेला होता. शेजारी तोंड बांधलेली गोणी. गोणीच्या शिवणीतून पांढरी भुकटी सांडली होती.

खुबेरामच्या डोक्यात तिडीक गेली. मागच्या साली कुणीतरी ब्लीचिंग पावडर ओतून खालचा डोह पार मारून टाकला होता. पाठीवर उलटे पडलेले मासे बघून तो दोन दिवस जेवला नव्हता. आता पुढच्या आठवड्यात मत्स्य खात्याची माणसं मासे मोजायला यायची होती. यंदाही मासे कमी भरले की टप्प्याचं राखीवपण जाणार आणि खडी उपसणारे दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन उतरणार.

"वास नाही येत पावडरीचा," चमनादेवी म्हणाली.

"तोंड बांधल्यावर कसा येईल? आणि खड्डा बघ. माल लपवायची सोयसुद्धा करून ठेवली आहे पठ्ठ्याने."

त्याने पिंपावरचं फळकूट उचललं. आत भुऱ्या ट्राउट. नदीच्या अस्सल, तांबड्या ठिपक्यांच्या. पाण्यात एकमेकींना लगटून गप्प पडलेल्या, पण जिवंत.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर, सडकेच्या बाजूने, लोतम दिसला. पाठीवर आणखी एक गोणी. त्याने इकडे पाहिलं, गोणी टाकली आणि दोन्ही हात हलवायला लागला. तोंड हलत होतं, पण बर्फ वितळून नदी एवढी फुगली होती की शेजारच्याचं ऐकू यायची मारामार. मग तो झुलत्या पुलाकडे पळत सुटला.

"येऊ दे त्याला," चमनादेवी म्हणाली. "काय म्हणतो ते ऐकू तरी."

"आधी मासा."

"भाईजी, पळत येतोय तो. चोर पळून जातो."

"पिंप भरलेलं आहे त्याचं. ते सोडून कुठे जाईल?"

खुबेराम गुडघाभर पाण्यात शिरला. गारठ्याने पाय बधिर झाले. त्याने एकेक मासा दोन्ही हातांवर घेतला, तोंड धारेकडे करून धरला. मासे सुस्त होते. पिंपात गुदमरले असावेत. एकाच्या गलफडापाशी पांढुरकं काहीतरी दिसलं. जाळ्याने सोललं असेल, असं म्हणत त्याने लोतमला शिवी हासडली. तो मासा त्याने जास्तच वेळ धरून ठेवला, लेकराला न्हाऊ घालताना धरतात तसा. शेवटी शेपूट हललं आणि तो धारेत दिसेनासा झाला. खुबेरामचे डोळे भरून आले.

पिंप रिकामं झालं. मग त्याने जाळं उपटून काठावर फेकलं. फाट्यात अडकून राहिलेले मासेही सळसळत नदीत गेले.

"गेले," तो म्हणाला. "सगळे जिवंत गेले."

लोतम धापा टाकत आला. त्याने खुबेरामकडे पाहिलंच नाही. पिंपात पाहिलं, काठावरचं जाळं पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"बोल आता," खुबेराम म्हणाला. "देवतेसमोर काय शपथ घेतली होतीस?"

लोतमने नदीकडे बोट केलं.

"रोगी होते ते, प्रधानजी," तो म्हणाला. "रोग नदीत जाऊ नये म्हणून फाटा जाळ्याने अडवला होता, खड्ड्यात पुरायला चुना आणला होता. पण तुमच्या शब्दाशिवाय मारायचे कसे? तेच विचारायला आलो होतो काल."