आठशे दहा पावलं

फाटकाशी पोचेपर्यंत तिच्या नाकाचा शेंडा बधिर झाला होता. मैदानावरचं गवत दहिवरानं पांढरं पडलेलं, नळाखालच्या डबक्यावर सायीसारखा बर्फाचा पापुद्रा. रोजच्या बारा-पंधरा पळणाऱ्यांपैकी आज कुणाचा पत्ता नाही. सगळे उन्हाळ्यातले शूर. एक नवखा तेवढा कठड्याला टाच लावून पाय ताणत होता.

ती दोन स्वेटर चढवून, कानाला रुमाल आवळून आली होती. वय एकसष्ट. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात बत्तीस वर्षं उभं राहून पाय लाकडाचे झालेले. गल्लीत तिला 'पॅसेंजर' म्हणत. मागून निघालेला प्रत्येक जण तिला ओलांडून जाई, पण ती रोज सुटे म्हणजे सुटेच. म्हणणाऱ्यांना म्हणू दे. त्यांची पोटं बघा आधी.

नवख्याच्या मनगटावर पावलं मोजणारा निळा पट्टा होता. अगदी तस्साच तिच्याही मनगटावर होता, स्वेटरच्या आत. थंडी सुरू व्हायच्या आधी लेकानं स्वतःच्या हातानं बांधला होता. "आई, तू कुठं पडलीस-झडलीस तर मला फोनवर कळेल," म्हणाला होता. तेव्हापासून रोज सकाळी त्याच्या खोलीतून हाक यायची, "आज किती झालं गं?" ज्या पोरानं वर्षानुवर्षं तिला जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, ते पोर रोज विचारत होतं. त्या एका हाकेसाठी ती असल्या गारठ्यात पांघरूण फेकून उठत होती.

"पट्टा छान आहे," ती नवख्याला म्हणाली. "कुणी दिला?"

"ऑफिसनं, मावशी. शंभर दिवसांची शर्यत आहे. रोज कोण किती पळालं ते सगळ्यांना दिसतं. आज सत्त्याण्णवावा दिवस." तो हसला. "आम्ही आपले भरतीला. पहिला नंबर कधीचाच ठरलाय. बढतीपण त्यालाच देणार म्हणतात, त्याची जिद्द बघून."

"एवढी कसली जिद्द?"

"मधे त्याची डावी पोटरी धरली. एकवीस दिवस. दुसरा कुणी असता तर पट्टा काढून झोपला असता. हा भिंतीला धरून घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिला. परवा सगळ्यांसमोर सांगितलं त्यानं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, बोला आता." त्यानं दुसरा पाय कठड्यावर टाकला. "आणि एक युक्ती सांगितली. थंडीत उठवत नसेल ना, तर पळायला जायचंय असं मनाला सांगायचंच नाही. नुसते बूट घालायचे आणि म्हणायचं, दारापर्यंत जाऊन येऊ. मी आज त्याच्यावरच आलोय बघा."

हे ती लेकाला जेवताना म्हणाली होती. तो मान खाली घालून जेवत होता. ऐकतोय असं तिला तेव्हा वाटलंही नव्हतं.

तिच्या डाव्या पोटरीत आतून कुणीतरी पिळा दिल्यासारखं झालं. पोटरीला चोळलेल्या तेलाच्या हाताचे डाग अजून घरच्या भिंतीवर होते. सून त्यावरून चार शब्द बोललीही होती. लेक मधे पडला होता. "चालू दे तिला," म्हणाला होता. तिनं ते शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं.

"नाव काय त्याचं?" तिनं विचारलं.

नवख्यानं सांगितलं. नाव चांगलं होतं. तिनंच ठेवलेलं.

"याच मैदानावर येतो म्हणे. मी कालच इकडं राहायला आलो. तुम्हाला दिसतो का कधी?"

तिनं स्वेटरची बाही बोटांपर्यंत खाली ओढली.

"दिसतो की," ती म्हणाली. "फार पुढं असतो. तुमच्या-माझ्यानं नाही गाठवायचा."

नवखा पळत सुटला. तो वळणाआड गेल्यावर ती वॉचमनच्या खोलीपाशी गेली. पळणारे आपापल्या किल्ल्या आणि फोन त्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून जात. तिनं पट्टा काढला. मनगटावर त्याच्या रुंदीची फिकट खूण होती.

"येताना घेते," ती म्हणाली.

मग ती पळाली. रोजच्या दहा फेऱ्या, वर आणखी दोन. दुसरीत पोटरी बोलायला लागली, पाचवीत ओरडायला. तिनं ऐकून घेतलं नाही. छातीत गार हवा सुरीसारखी जात होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीत येतंच.

ती घरी आली तेव्हा लेक पांघरुणात बसून फोन बघत होता. ती त्याच्या दारात उभी राहिली. डोक्यातून वाफा निघत होत्या, श्वास अजून भात्यासारखा चालला होता, हनुवटीवरून घाम टपटप गळत होता.

"आई, आज गेलीच नाहीस?"

"गेले होते."

"कुठं गेलीस? आठशे दहा पावलं दाखवतंय. फाटकाला हात लावून परत आलेली दिसतेस." त्यानं मान वर केली नाही. "असं ऐन वेळी कच खाऊन कसं चालेल? तीनच दिवस राहिले."

"कशाचे?"

त्यानं फोनवर उगाच बोट सरकवलं. "महिन्याचे गं."

ती जवळ गेली. अगदी पलंगाला टेकून उभी राहिली.

"माझ्याकडं बघ जरा," ती म्हणाली.

"मी कशाला खोटं बोलू? तूच बघ," म्हणत त्यानं फोन तिच्या तोंडापुढं धरला. तिच्या हनुवटीवरचा एक थेंब फोनच्या काचेवर पडला. त्यानं तो अंगठ्यानं पुसला आणि आकडा पुन्हा नीट वाचला.