बाटलीतलं यकृत

सरांनी शोधलेलं औषध प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेल्या मानवी यकृताच्या आजारी पेशींना हमखास बरं करायचं. रुग्णांना मात्र त्याचा काडीचाही गुण येत नव्हता. कारण शोधता शोधता सरांच्या विद्यार्थिनीने त्या पेशींचीच तपासणी करून घेतली आणि अहवाल घेऊन ती थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. तिची सगळी पीएचडी याच पेशींवर उभी होती, आणि सरांचं नावही.

केबिनचं दार लावून घेत ती म्हणाली, "सर, या पेशी माणसाच्या नाहीतच. उंदराच्या आहेत. कधीतरी बाटल्या बदलल्या असणार."

"कुणाजवळ बोललीस?"

"अजून नाही, सर."

"मग बोलूही नकोस."

सर खुर्चीत मागे रेलले. हळूहळू त्यांचा चेहरा असा काही खुलला, की तिला वाटलं, वाचली आपली पदवी.

"अगं, जीव भांड्यात पाडलास माझा," सर म्हणाले. "मी आपला वेड्यासारखा औषधातच खोट शोधत बसलो होतो. औषध अगदी चोख आहे. आपले पेशंटच चुकीचे निघाले."