अर्जावर बसलेलं मांजर

बदली झाली. नऊ वर्षांनी, एकदाची, सही-शिक्क्यासकट. पण ते आत्ता विसरा. आत्ता गुरुवारचे चार वाजलेत, कुणाचीही कुठेही बदली झालेली नाही, आणि नोंदणी कार्यालयातला कारकून पडद्यापुढे हात जोडून म्हणतोय, "ऊठ गं बाई, पाया पडतो तुझ्या."

मांजर उठलं नाही. ते संगणकाच्या पडद्यावर होतं आणि बरोबर त्याच्या बदलीच्या अर्जावर बसलं होतं.

चूक त्याचीच होती. बायको याच खात्यात, पण सात तासांवरच्या गावात. दर शनिवारी तो बसने जायचा, रविवारी परत फिरायचा. मुलगी त्याला 'शनिवारबाबा' म्हणायची. शाळेतही तिने वडिलांचं नाव तेच सांगून ठेवलं होतं. सोमवारी त्याला वाटलं, निदान दोघींचा फोटो तरी डेस्कटॉपवर असावा. म्हणून त्याने डेस्कटॉप सजवायचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फोटो काही लागला नाही. मांजर मात्र आलं. नाव काय ठेवायचं, असं सॉफ्टवेअरने विचारलं. त्याने टाकलं, मनी. तेव्हापासून सगळे आयकॉन जीव मुठीत धरून एका कोपऱ्यात गोळा झाले होते आणि कचरापेटीला शेपूट फुटलं होतं.

तेही चाललं असतं. पण बदल्यांची वेबसाइट आज पाचला बंद होणार होती, ती तीन वर्षांनीच उघडणार होती. बायकोच्या कार्यालयात रिकामी जागा एकच होती. आणि कार्यालयप्रमुखांनी दाबायचं 'मंजूर'चं बटण मांजराच्या बुडाखाली होतं.

"बंद करून चालू केलंत का?" संगणक दुरुस्त करणाऱ्याने विचारलं. त्याला सगळं कार्यालय वायरमामा म्हणायचं.

"सतरा वेळा. आधी मांजर येतं, मग बाकीचा संगणक."

वायरमामाने सॉफ्टवेअर काढून टाकायचा प्रयत्न केला. 'मनीला घराबाहेर काढायचं?' अशी चौकट आली. बाण 'होय'कडे नेला की 'होय' दोन बोटं पलीकडे सरकायचं. मग मामाने डोकं लढवलं आणि डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर ठेवला. "रिकामं खोकं दिसलं की मांजराला राहवत नाही," तो म्हणाला. ते खरं निघालं. मांजर उठलं, अर्ज तोंडात धरून फोल्डरमध्ये जाऊन आलं आणि पुन्हा अर्ज अंथरून त्यावर बसलं.

"किरकोळ बिघाड आणखी एक आहे," वायरमामा घाम पुसत म्हणाला. "यात जिथे जिथे तुमचं नाव होतं, तिथे आता मनी झालंय. ते उद्या बघू."

"नाव गेलं चुलीत! आधी हिला उठवा!"

पाचला दहा कमी असताना मॅडम आल्या. कार्यालयाच्या प्रमुख. नऊ वर्षांत त्यांनी एकाही बदलीवर अनुकूल शेरा मारला नव्हता. त्यांनी चष्मा चढवला.

"ही इथे कधीपासून?"

"सोमवारपासून, मॅडम."

"आणि जागेवरून हललीय?"

"तेच तर रडगाणं आहे. हलतच नाही."

"चार दिवस जागेवर!" मॅडमचा आवाज कापरा झाला. "चहाला न उठणारं या कार्यालयातलं हे पहिलंच माणूस."

त्यांनी माउस हातात घेतला आणि बाण अलगद मांजराच्या पाठीवरून फिरवला. एकदा. दोनदा. मांजर कुशीवर कललं. पोटाखालून हिरवं बटण दिसलं.

"दाबा मॅडम, दाबा!" दोघंही ओरडले.

मॅडमनी दाबलं. पाचला दोन मिनिटं होती.

कारकुनाने वायरमामाला मिठी मारली. मॅडमनाही मारणार होता, पण वेळीच पदश्रेणी आठवली. प्रिंटरमधून आदेशाचा कागद बाहेर आला. मॅडमनी सही केली, शिक्का मारला. मग कारकुनाने तो वाचला. 'मनी, कनिष्ठ लिपिक, यांची कुटुंबाजवळ बदली करण्यात येत आहे. त्यांना तात्काळ कार्यमुक्त करण्यात यावे.'

पडद्यावरचं मांजर उठलं. त्याने चारी पाय ताणून आळस दिला आणि उजव्या कडेने ते चालत बाहेर गेलं. पाच वाजले. वेबसाइट बंद झाली.

फोन वाजला. बायको होती.

"अहो, गंमत ऐका! माझ्या संगणकावर एक मांजर येऊन बसलंय. आमच्या साहेबांनी तिला हजेरीपटावर घेतलंसुद्धा! म्हणाले, चला, जागा भरली एकदाची."

शाळा सुटली की मुलगी आईच्या कार्यालयातच बसायची. तिने फोन ओढून घेतला. "बाबा, ही रोज राहणार?"

"हो," तो म्हणाला. "ही रोज."

त्याने फोन ठेवला आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडम पर्स उचलत होत्या.

"काही चुकलं असेल तर लेखी द्या. तोंडी मी ऐकत नाही."

तो मोकळ्या झालेल्या पडद्यापुढे बसला आणि टाइप करू लागला.

'महोदया, मनी (मांजर) यांच्या बदलीस माझी काहीही हरकत नाही. तथापि कुटुंबाची ताटातूट होऊ नये, हे खात्याचे धोरण आहे. सबब, प्रस्तुत अर्जदारास सदर मांजराचा अवलंबित नातेवाईक समजून मांजराच्या नव्या ठिकाणी, किमान सोमवार ते शुक्रवार, वास्तव्य करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'