खोबऱ्याची करंजी

मळमड्डीतल्या त्या घरात करंजी कडेवरून ओळखायची. हाताने मुरड घातलेली खिम्याची आणि कातण्याने कापलेली खोबऱ्याची. खोबऱ्याची खास यमुनाक्कांसाठी, कारण नवरा गेल्यापासून त्यांनी मटण सोडलं होतं. त्यांच्या नव्या सुनेनं, शेवंतानं, पहिल्याच घाण्याला नेमकी उलटापालट केली. चूक ध्यानात आली तेव्हा सासूबाईंनी कातलेली करंजी कुर्रकन मोडून तोंडात टाकली होती. शेवंता झारा टाकून धावली.

"अय्यो आत्याबाई, थांबा! ती..."

यमुनाक्का डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. सगळी करंजी संपल्यावर त्यांनी ताटली पुढे केली.

"आणखी एक वाढ. आणि पुढच्या खेपेला या खोबऱ्यात लसूण जरा जास्त घाल गं."