माणसं आठ, तिकिटं अकरा

"माणसं आठ आहेत आणि तिकिटं अकरा मागताय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "अजून कोणी पाहुणे येणार आहेत का?"

भर समुद्रात पाहुणे येणार कुठून, पोहत? उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार होतं. किनाऱ्यावरच्या चार सहलींमधून ज्याने त्याने आपापली निवडली होती, आणि आता जेवणाआधी तिकिटं घेतली नाहीत तर काउंटर बंद. धाकटा दीर पुढे सरसावला. हिशेबात आपण पक्के, असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

"नीट ऐका हं," तो एकेक बोट दुमडत म्हणाला. "होडीतून गुहा बघायला मी, दोन मोठी पोरं आणि वहिनी. चार. बसने शहराची फेरी, त्यात अण्णा आणि वहिनी. दोन. बाजारात आमची ही, आमचं पिल्लू आणि वहिनी. तीन. दादा दीपस्तंभावर चढणार, म्हणजे दादा आणि वहिनी. दोन. झाले अकरा. बरोबर तर आहे."

मुलीने पेन खाली ठेवलं आणि मागे उभ्या असलेल्या थोरल्या सुनेकडे पाहिलं. खांद्यावर पोरांचे ओले टॉवेल, हातात सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, गोळ्यांची डबी. या चारही वहिनी म्हणजे ती एकटीच, हे त्या मुलीच्या तेव्हाच लक्षात आलं. घरच्यांच्या आलं नाही.

बरं, चिडावं तरी कोणावर? चौघांनीही तिला अगदी मनापासून आपल्यात धरलं होतं. ही सगळी सफर तिनेच आखलेली. खिडकीची खोली कोणाला, वरचा पलंग कोणाला, कोणाला बोट लागते, कोण वांगं खात नाही, सगळं तिच्या डोक्यात. तुला कुठे जायचंय, एवढं मात्र कोणी विचारलं नव्हतं, कारण ती असणारच होती.

आणि थोरलीला कुठेच जायचं नव्हतं. सकाळी चादरी बदलायला आलेली बाई सहज बोलून गेली होती, "ताई, बंदर आलं की जहाज असं रिकामं होतं म्हणून सांगू, लग्न उरकल्यावरच्या हॉलसारखं. पूलमध्ये चिटपाखरू नसतं." तेव्हापासून ते रिकामं निळं पाणी थोरलीच्या डोक्यातून जाईना. जहाजावर चढल्यापासून ती त्याच पूलच्या काठावर सगळ्यांचे टॉवेल राखत बसली होती. पाण्यात तिच्या पायाचा अंगठासुद्धा बुडाला नव्हता.

'बरं, मी जाते अण्णांबरोबर,' हे वाक्य सवयीने तिच्या ओठांवर आलंच. तिने ते गिळलं. छाती धडधडत होती. शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा इतकी धडधडली नव्हती.

"मला सगळ्यांतून काढा," ती मुलीला म्हणाली. "सात तिकिटं द्या."

"बरं नाही का वाटत?" नवऱ्याने विचारलं.

"छान वाटतंय. मी उद्या जहाजावर राहणार आहे."

"एकटी? आणि काय करणार?"

"पाण्यावर पडून राहणार."

झालं. काउंटरपुढे एकदम कालवा सुरू झाला. धाकटी जाऊ म्हणाली, "अहो ताई, मग बाजारात पिल्लाला धरायचं कोणी?"

"तुझंच आहे ना? मग धर."

"वहिनी, पोरं होडीत माझं ऐकत नाहीत," दीर म्हणाला.

"मग तू त्यांचं ऐक."

"आणि अण्णांबरोबर?" नवऱ्याने शेवटचा डाव टाकला.

"त्यांचा मुलगा जाईल. दोघांची जुनी ओळख आहे."

काउंटरवरची मुलगी उगाचच खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागली. नवरा तोंड पाडून म्हणाला, "अगं, मग माझा दीपस्तंभ?"

"इतकी वर्षं एका जागी उभा आहे. कुठे पळून जातोय?"

आता सगळे सोफ्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे बघायला लागले. घरात शेवटचा शब्द त्यांचा. थोरलीनेही पाहिलं, आणि तिचं धैर्य तिथे जरा डळमळलं. त्यांनी नुसतं 'सूनबाई असती तर बरं झालं असतं' म्हटलं असतं, तरी ती विरघळली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला बसमध्ये नुसतं बसायचंय, बस चालवायची नाहीये," ते म्हणाले. "ती डबी दे त्याच्याकडे. सात तिकिटं घ्या आणि जेवायला चला."

थोरलीने डबी नवऱ्याच्या हातात ठेवली. मग खांद्यावरचे टॉवेल काढून दिराच्या खांद्यावर टाकले. त्या रात्री तिने दोनदा आइस्क्रीम मागवलं.

सकाळी सगळी वरात शिडीवरून धक्क्यावर उतरली. पिल्लू आईच्या कडेवर होतं, अण्णा मुलाच्या हाताला धरून बसकडे निघाले होते. थोरली वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी होती. अंगात पोहण्याचा पोशाख, मागे आख्खा रिकामा पूल. इतकं हलकं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

एवढ्यात खाली दीर थांबला. त्याने पिशवी उलटीपालटी केली आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडला, "वहिनी, पोरांच्या टोप्या कुठे ठेवल्यात?"

निळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. काल तिनेच ठेवल्या होत्या.

थोरलीने कानामागे हात नेला, काहीच ऐकू येत नाही अशी मान हलवली आणि हसत हसत त्याला टाटा केला.