विहिणीचा घास

धाकट्या दिराच्या लग्नात, पहिल्या पंगतीत, हेमांगीनं जिलबीचा दुसरा तुकडा तोंडात घातला आणि छातीखाली काहीतरी करकचून आवळलं गेलं. जठराच्या तोंडाशी बसवलेली झडप बंद झाली होती. समोर सासूबाई मोबाइल पर्समध्ये ठेवत होत्या.

“पुरे आता!” सुमित्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. “ऑपरेशनच्या आधी एकशे तीस किलोची होती आमची थोरली.”

बायका फिदीफिदी हसल्या. हेमांगीनं तुकडा रुमालात थुंकला.

ऑपरेशन दोघींचंही झालं होतं, एकाच दिवशी. स्वतःचं मात्र सुमित्राबाईंनी कुणाला कळू दिलं नव्हतं. झडप बंद करायचं मोबाइलवरचं बटण पेशंटकडे देत नाहीत, घरातल्या माणसाकडे देतात. हेमांगीचा नवरा तेव्हा बोटीवर, दीर परदेशात. म्हणून फॉर्मवर सासूनं सुनेचं नाव लिहिलं आणि सुनेनं सासूचं. चार वर्षांत हेमांगीनं ते बटण एकदाही दाबलं नव्हतं. सुमित्राबाई ते विसरूनही गेल्या होत्या.

मग विहिणींची पंगत बसली. चांदीच्या ताटापुढे वरमाय सुमित्राबाई, भोवती दोन्हीकडची माणसं, समोर कॅमेरा. नवरीच्या आईनं बासुंदीत बुडवलेला पुरीचा घास पुढे केला. तो थुंकणं म्हणजे भर मांडवात सोयरिकीवर थुंकणं.

“घ्या ना आई,” हेमांगी गोड आवाजात म्हणाली. “आज अगदी पोटभर जेवा.”

सुमित्राबाईंनी मोठा आ केला. घास आत गेला. मग त्यांना सुनेच्या हातातला मोबाइल दिसला.

हेमांगीनं त्या गिळेपर्यंत वाट पाहिली.