आधीचा डोस

बाबा भातशेतीच्या औषधांवर संशोधन करतात. तणनाशक मारण्याआधी ते भाताला एक वेगळं औषध देतात. मग विष पडलं तरी भात ते पचवतो, तण तेवढं जळतं.

घरी मात्र बाबा म्हणजे नुसतं तणनाशक. मी पसंत करून घरी आणलेली पहिली दोन मुलं त्यांच्या तोंडाच्या पट्ट्याखाली चहा संपायच्या आत कोमेजली.

आज तिसऱ्यालाही त्यांनी केसांपासून पगारापर्यंत सोलून काढलं, तरी पठ्ठ्या हसत हसत दुसरा कप मागत होता.

फाटकाशी मी विचारलं, "तुला काहीच कसं लागलं नाही रे?"



"सकाळीच तुझ्या बाबांचा फोन आला होता. सगळं ऐकवून म्हणाले, 'संध्याकाळी तिच्यासमोर हेच बोलणार आहे, आत्ताच पचवून ठेव.'"